आवकेचा शिक्का दारातच : संगणक-जाळ्यातील घड्याळांचा मेळ

निविदा स्वीकारण्याची अंतिम वेळ दुपारी तीनची आहे. एक लिफाफा तीनला दहा मिनिटे कमी असताना कार्यालयात पोहोचतो. आवक लिपिक त्यावर तारीख-वेळेचा शिक्का मारतो, बारनिशीत क्रमांक पडतो, आणि मग दोन-तीन टेबलांवर विसावत तो लिफाफा साडेचार वाजता संबंधित अधिकाऱ्यांच्या हाती येतो. हा लिफाफा मुदतीत आला की मुदतीनंतर, असा प्रश्न कोणाही जाणत्या कर्मचाऱ्यास पडत नाही. प्रमाण मानावयाची ती शिक्क्यावरची वेळ; लिफाफा केव्हा उघडला गेला याला येथे महत्त्व नाही. आता समजा, त्या कार्यालयात आवक लिपिकच नाही आणि प्रत्येक अधिकारी कागद हाती येईल तेव्हा, आपल्या सवडीने, समोरच्या घड्याळात पाहून आवक वेळ लिहितो. अशा नोंदवहीवरून कोणता कागद आधी आला व कोणता नंतर हे सांगता येणार नाही. सर्वांची घड्याळे बिनचूक असली तरी सांगता येणार नाही.

संगणकांच्या जाळ्यात बरीच वर्षे नेमके हेच चालत आले. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर लहान लहान पाकिटांच्या रूपाने जातो; त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट तारेवरून येऊन दाखल झाले तो क्षण एक, आणि संगणकातील कार्यक्रमाने ते हाती घेऊन वेळ टिपली तो क्षण दुसरा. या दोन क्षणांमधील अंतर पापणी लवण्याच्या काळाहूनही पुष्कळ कमी असते, आणि म्हणूनच दीर्घकाळ त्याची कोणी फिकीर केली नाही. ती करण्याची गरज ज्या क्षेत्रांत प्रकर्षाने भासली त्यांपैकी एक म्हणजे वीजपुरवठा. त्या क्षेत्राच्या अनुषंगाने, आलेल्या पॅकेटवर वेळेचा शिक्का यंत्राच्या दारातच कसा मारला जातो आणि त्यायोगे दूरदूरच्या घड्याळांचा मेळ कसा घातला जातो, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

आधी काय तुटले?

१४ ऑगस्ट २००३ रोजी दुपारी अमेरिकेच्या ईशान्येकडील काही राज्ये व कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात बुडाला. सुमारे पाच कोटी लोकांना त्याची झळ पोहोचली. दुपारी चार वाजून पाच मिनिटांच्या सुमारास ओहायो राज्यातील एक महत्त्वाची पारेषण वाहिनी बंद पडली आणि त्यानंतरच्या सात-आठ मिनिटांत अडीचशेहून अधिक वीजकेंद्रांतील पाचशेवर जनित्रे जाळ्यातून सुटी झाली. चौकशीसाठी दोन्ही देशांनी संयुक्त कृतिदल नेमले. कृतिदलापुढील पहिलाच प्रश्न साधा होता : आधी काय तुटले?

नोंदींचा तोटा नव्हता. उपकेंद्रांतील नोंदयंत्रे, वीजकेंद्रांतील संगणक, नियंत्रण कक्षांतील याद्या असे हजारो पुरावे हाती होते. पण त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळेनात. काही घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी लावलेलीच नव्हती, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक बोलके आहे. काही संगणकांवर त्या काही मिनिटांत संदेशांची अशी गर्दी उसळली की नोंदीवर पडलेली वेळ ही घटना घडल्याची नसून, तुंबलेल्या रांगेतून तिचा क्रमांक लागला तेव्हाची होती. म्हणजे शिक्का दारात न पडता टेबलावर पडला होता. अशा नोंदी जशाच्या तशा स्वीकारल्या असत्या तर कारण हे परिणाम ठरले असते आणि परिणाम हा कारण. तज्ज्ञांना प्रत्येक नोंद इतर नोंदींशी ताडून पाहत घटनाक्रम बसवावा लागला. कृतिदलाच्या शिफारशींमध्ये, वेळेचा मेळ घातलेली नोंदयंत्रे वापरणे आवश्यक करावे, ही एक स्वतंत्र शिफारस आहे.

भारतात ३० व ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी वीजजाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य हे तीनही विभाग एकाच वेळी बंद पडले. त्या घटनांच्या विश्लेषणात उत्तर विभागात तेव्हा नव्यानेच बसविलेल्या मोजक्या कलामापक यंत्रांच्या नोंदी मोलाच्या ठरल्या, कारण दूरदूरची ही यंत्रे एकाच काळाच्या मापाने बोलत होती. ही यंत्रे काय मोजतात हे समजले की सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चर्चा ही केवळ शास्त्रज्ञांची हौस नव्हे, हे ध्यानात येते.

अंशांचा हिशेब

आपल्या घरी येणारी वीज प्रत्यावर्ती असते. तिच्या लाटा सेकंदाला पन्नास वेळा वर-खाली होतात. एका लाटेला वीस मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. वर्तुळाचे ३६० अंश असतात, त्याप्रमाणे एका लाटेचेही ३६० अंश मानतात. तेव्हा एका मिलिसेकंदात लाट १८ अंश पुढे सरकते व एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लक्षांश भागात, ०.०१८ अंश.

जाळ्याच्या दोन टोकांना या लाटा अगदी एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत. एक किंचित पुढे असते, दुसरी मागे. याला अभियंते कलाकोन किंवा फेजचा फरक म्हणतात. वीज साधारणपणे पुढच्या कोनाच्या ठिकाणाहून मागच्या कोनाच्या ठिकाणाकडे वाहते, आणि हा फरक वाढत चालला की जाळ्यावरचा ताण वाढत असल्याची ती खूण असते. डॉक्टर नाडीवरून ताप ओळखतो, त्याप्रमाणे अभियंता या कोनावरून जाळ्याची प्रकृती ओळखतो. मात्र शेकडो किलोमीटर अंतरावरील दोन ठिकाणांच्या कोनांची तुलना करावयाची तर दोन्ही मोजमापे एकाच क्षणी झाली पाहिजेत. हे मोजमाप करणाऱ्या यंत्राचा, म्हणजे फेजर मेजरमेंट युनिटचा पहिला नमुना अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात १९८८ साली प्रा. अरुण फडके व प्रा. जेम्स थॉर्प यांच्या गटाने तयार केला. या कार्याबद्दल त्या दोघांना २००८ साली बेंजामिन फ्रँकलिन पदक देण्यात आले.

या यंत्रांच्या मानकात एकूण चुकीची मर्यादा एक टक्का ठेवलेली आहे. सर्व चूक केवळ वेळेची आहे असे धरल्यास हा एक टक्का म्हणजे ०.५७ अंश, आणि पन्नास लाटांच्या हिशेबाने सुमारे ३२ मायक्रोसेकंद होतात. घड्याळ एवढे चुकले की मापक नापास. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयाला आणखी एक संदर्भ आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण विभाग उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकतालात जोडला गेला. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत विजेची लाट एकाच ठेक्यावर चालते. एवढ्या विस्तीर्ण जाळ्यात कोठे काय, केव्हा घडले हे सांगणारी घड्याळे परस्परांशी न जुळणारी असून चालणार नाही.

घड्याळ का चुकते, आणि कसे लावतात?

संगणकातील घड्याळ हा क्वार्ट्झचा एक लहानसा स्फटिक असतो. तापमान बदलले, वय वाढले की त्याची गती बदलते. साध्या स्फटिकात दशलक्षात वीस भागांची चूक नवलाची नाही. त्या हिशेबाने घड्याळ दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंद व सेकंदाला वीस मायक्रोसेकंद भरकटते. म्हणजे वर सांगितलेली ३२ मायक्रोसेकंदांची मर्यादा दोन सेकंदांच्या आतच ओलांडली जाते. यास्तव घड्याळ एकदा लावून भागत नाही, ते सतत लावीत राहावे लागते.

दूरच्या घड्याळाला तारेने वेळ कळविण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वे मद्रास वेधशाळेच्या वेळेवर चालत असे व ती वेळ तारयंत्राने स्थानकांना कळविली जाई. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. तरी मुंबईने आपली ३९ मिनिटे मागे असलेली स्थानिक वेळ पुढे जवळजवळ अर्धे शतक, १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच शहरात रेल्वेचे घड्याळ एक वेळ दाखवी आणि नगरातले दुसरी. तारबाबूचा हात यंत्रावर पडावयास लागणारा अर्धा-पाऊण सेकंद त्या काळी कोणी हिशेबात धरीत नसे, आणि धरण्याचे कारणही नव्हते. आगगाडी मिनिटांवर धावत होती.

संगणकांसाठी ही व्यवस्था अमेरिकेतील संशोधक डेव्हिड मिल्स यांनी घडविली. नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, संक्षेपाने एनटीपी, या नावाच्या त्यांच्या पद्धतीचे पहिले विवरण १९८५ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे डेलावेअर विद्यापीठात राहून त्यांनी ती अनेक वर्षे सुधारली. २००२ साली यापेक्षा सूक्ष्म कामासाठी आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १५८८ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यास प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल किंवा पीटीपी म्हणतात. त्याच्या सुधारित आवृत्त्या २००८ व २०१९ साली निघाल्या. तपशील वेगळे असले तरी दोहोंच्या मुळाशी एकच युक्ती आहे, आणि ती शाळेतील मुलांनाही फळ्यावर समजावून देता येईल इतकी सोपी आहे.

मूळ घड्याळ आणि अनुयायी घड्याळ अशी दोन घड्याळे घेऊ. अनुयायी घड्याळ ६० मायक्रोसेकंद पुढे आहे व पॅकेटला एका बाजूने जाण्यास ५ मायक्रोसेकंद लागतात, असे मानू. या दोन्ही गोष्टी अर्थातच कोणालाही ठाऊक नाहीत; त्या शोधून काढावयाच्या आहेत. मूळ घड्याळ स्वतःच्या १०० या वेळेस पॅकेट पाठविते. अनुयायी ते स्वतःच्या १६५ या वेळेस स्वीकारतो. उलट, अनुयायी स्वतःच्या २०० या वेळेस एक पॅकेट पाठवितो व मूळ घड्याळाकडे ते १४५ या वेळेस पोहोचते. चार नोंदी झाल्या. जाताना दिसलेले अंतर १६५ वजा १००, म्हणजे ६५. परतीचे अंतर १४५ वजा २००, म्हणजे उणे ५५. पाठविण्याच्या आधीच पॅकेट पोहोचलेले दिसते. यावरूनच घड्याळ चुकीचे असल्याचे उघड होते. दोहोंची बेरीज करून निम्मे केले तर ५ येतात, तो प्रवासाचा काळ. वजाबाकी करून निम्मे केले तर ६० येतात, ती घड्याळातील चूक. अनुयायी आपले घड्याळ ६० ने मागे घेतो व काम भागते.

या हिशेबात एकही अवघड पायरी नाही. अवघड आहे ते वेगळेच : १६५ हा आकडा लिहिला कोणी, आणि कोठे बसून?

पॅकेट कोठे रेंगाळते?

तारेवरून आलेले पॅकेट प्रथम नेटवर्क कार्डाच्या दारात येते. तेथे विद्युत्स्पंदांचे अंकांत रूपांतर होते, पॅकेट शाबूत आहे याची तपासणी होते आणि कार्ड ते संगणकाच्या स्मृतीत नेऊन ठेवते. त्यानंतर कार्ड प्रोसेसरला हाक मारते. या हाकेस इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतलेला असेल तर हाक ऐकावयास वेळ लागतो. वीज वाचविण्यासाठी तो झोपी गेलेला असेल तर जागे होण्यासच वेळ जातो. शिवाय बहुतेक कार्डे प्रत्येक पॅकेटागणिक हाक मारीत नाहीत. पाच-दहा पॅकेटे जमली किंवा ठरावीक काळ लोटला की एकदाच हाक मारावी, अशी काटकसर त्यांना शिकविलेली असते. दर पत्रामागे साहेबांच्या दालनात न जाता गठ्ठा करून नेणाऱ्या शिपायासारखेच हे आहे. कामाच्या दृष्टीने ते योग्यच, पण प्रत्येक पत्र केव्हा आले ही माहिती गठ्ठ्यात हरवते. यापुढे पॅकेट कार्यप्रणालीच्या रांगेत बसते आणि सरतेशेवटी ज्या कार्यक्रमासाठी ते आले त्याची पाळी येते.

हा सर्व विलंब नेहमी सारखाच असता तर तो एकदा मोजून कायमचा वजा करता आला असता. तसे होत नाही, हीच खरी अडचण आहे. आता तो दहा मायक्रोसेकंद असेल, पुढच्या पॅकेटला ऐंशी, आणि संगणकावर कामाचा भार आला की कित्येक शे. जाणाऱ्या पॅकेटपेक्षा येणाऱ्या पॅकेटची स्थिती या बाबतीत अधिक बिकट असते. जावक पत्र आपण आपल्या सोयीने धाडतो. आवक पत्र कोणत्या घटकेस दारात उभे राहील याची पूर्वसूचना नसते.

वरच्या उदाहरणात एवढाच बदल करू की अनुयायाच्या कार्यक्रमाने पॅकेट ८० मायक्रोसेकंद उशिरा हाती घेतले व १६५ ऐवजी २४५ लिहिले. जाताचे अंतर १४५ झाले, परतीचे उणे ५५ राहिले. वजाबाकीचे निम्मे १०० येतात. घड्याळातील खरी चूक ६० असताना ते १०० ने मागे घेतले जाईल. म्हणजे दुरुस्तीनंतर घड्याळ ४० मायक्रोसेकंद मागे पडेल व कलाकोनात ०.७२ अंशांची चूक येईल. मर्यादा ०.५७ अंशांची होती. घड्याळ चांगले, तार चांगली, गणित बिनचूक, आणि तरीही मापक नापास. केवळ शिक्का टेबलावर पडला म्हणून.

शिक्का दारात

यावरचा उपाय कार्यालयीन शहाणपणाचाच आहे : आवक लिपिकास दारात बसवावे व त्याच्या टेबलावर स्वतंत्र घड्याळ द्यावे. नेटवर्क कार्डातच एक गणक बसविलेला असतो. प्रत्येक पॅकेटच्या आरंभी सूचनादाखल ठरावीक बिट येतात आणि त्यांच्या शेवटी ‘आता मजकूर सुरू होतो’ अशी खूण असते. ती खूण कार्डाच्या दारातून आत सरकताच, मजकूर अजून यावयाचा असतानाच, गणकातील आकडा टिपला जातो. येथे प्रोसेसरला विचारण्याचा प्रश्नच नाही. इंटरप्ट कितीही उशिरा होवो, पॅकेट रांगेत कितीही वेळ बसो, त्याच्या सोबत त्याच्या आगमनाचा शिक्का असतो. सेकंदाला एक अब्ज बिट वाहणाऱ्या जाळ्यातील कार्डाचा अंतर्गत ठोका सेकंदाला साडेबारा कोटी, म्हणजे ८ नॅनोसेकंदांना एक असा पडतो. शिक्क्याची सूक्ष्मता साधारण त्याच पायरीची असते. मायक्रोसेकंदाचे हजार भाग केले की एक नॅनोसेकंद होतो, हे लक्षात घेता, चूक शेकडो मायक्रोसेकंदांवरून काही नॅनोसेकंदांवर आली असे म्हणता येईल.

जावकेच्या बाजूस एक गंमत आहे. पत्र नेमके केव्हा बाहेर पडले हे ते बाहेर पडल्यावरच कळते. मग ती वेळ त्या पत्रातच कशी लिहावयाची? पीटीपीने त्यावर तोड काढली आहे. मूळ घड्याळ प्रथम ‘सिंक’ नावाचे पॅकेट धाडते, त्याच्या निर्गमनाची वेळ कार्डाकडून विचारून घेते आणि ती ‘फॉलो-अप’ या पाठोपाठच्या पॅकेटने कळविते. पाठपुराव्याच्या पत्राचा इतका सार्थ उपयोग अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल. काही प्रगत कार्डे दारातून बाहेर पडत्या पॅकेटमध्येच वेळ भरतात, त्यांना पाठपुराव्याची गरज पडत नाही.

ही व्यवस्था सर्वस्वी निर्दोष आहे असे मात्र नाही. काही जुन्या कार्डांत शिक्क्याची वेळ ठेवण्यासाठी एकच कप्पा असतो. पहिल्या पॅकेटची वेळ संगणकाने वाचून कप्पा मोकळा करण्याआधी दुसरे पॅकेट आले तर त्यावर शिक्का पडतच नाही. काही कार्डे केवळ पीटीपीची पॅकेटे ओळखून त्यांवरच शिक्का मारतात, तर काही आलेल्या प्रत्येक पॅकेटवर मारतात. दुसऱ्या प्रकारच्या कार्डाचा लाभ एनटीपीलाही करून देता येतो. आणखी एक बाब हटकून विसरली जाते. आवक लिपिकाच्या टेबलावरचे घड्याळ आणि कार्यालयाच्या भिंतीवरचे घड्याळ ही दोन वेगळी घड्याळे आहेत. कार्डातील घड्याळ मूळ घड्याळाशी उत्तम जुळले तरी संगणकाचे स्वतःचे घड्याळ त्याच्याशी वेगळे जुळवून घ्यावे लागते. शिवाय पीटीपी आंतरराष्ट्रीय अणुकालाने मोजते आणि तो नागरी वेळेचा आधार असलेल्या समन्वित जागतिक वेळेच्या, २०१७ च्या आरंभापासून, ३७ सेकंद पुढे आहे. हा फरक धरण्याचे राहून गेले तर नॅनोसेकंदांची सारी मेहनत ३७ सेकंदांनी चुकते.

वाटेतील मुक्काम

दोन्ही दारांत शिक्के पडले तरी वाटेचे काय? पॅकेट स्विच नावाच्या यंत्रांतून जाते. तेथे पुढे एखादे पंधराशे बाइटचे मोठे पॅकेट असेल तर एक अब्ज बिटांच्या जाळ्यात आपल्या लहान पॅकेटला बारा मायक्रोसेकंद थांबावे लागते, आणि दहा कोटी बिटांच्या जाळ्यात एकशेवीस. म्हणून पीटीपी जाणणारे स्विच हे पॅकेट आत आले तेव्हा एक व बाहेर पडले तेव्हा एक असे दोन शिक्के घेतात आणि मुक्कामाचा काळ पॅकेटमधील दुरुस्तीच्या रकान्यात मिळवितात. वीज उपकेंद्रांसाठी २०१६ साली निघालेल्या मानकात अशा प्रत्येक स्विचकडून ५० नॅनोसेकंदांच्या आतील चूक व संपूर्ण उपकेंद्रात एका मायक्रोसेकंदाची अचूकता अपेक्षिलेली आहे. नव्या धर्तीच्या उपकेंद्रांत रोहित्राजवळील विद्युतप्रवाहाचे मोजमाप तांब्याच्या तारांऐवजी पॅकेटांनी, सेकंदाला चार हजार नमुन्यांच्या गतीने, रिलेपर्यंत येते. दोन टोकांची घड्याळे फटकली तर रिलेला नसलेला बिघाड दिसू शकतो, आणि चांगली चालणारी वाहिनी बंद पडू शकते. एका मायक्रोसेकंदाचा आग्रह आहे तो यासाठी.

राहता राहिली एक त्रुटी, आणि ती शिक्क्याने दूर होणारी नाही. ‘निम्मे करा’ या युक्तीत जाण्याची व येण्याची वाट सारखीच लांब असल्याचे गृहीत धरलेले आहे. प्रकाशतंतूत प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे वीस सेंटिमीटर जातो. परतीचा तंतू शंभर मीटर अधिक लांब असला तर अर्धा मायक्रोसेकंद अधिक लागतो व घड्याळ पाव मायक्रोसेकंदाने चुकते. कोणत्याही चार नोंदींतून ही चूक उघडकीस येत नाही. ती तंतूची लांबी मोजूनच शोधावी लागते.

तारेकडे दुर्लक्ष केल्याने काय होते याचे गाजलेले उदाहरण भौतिकशास्त्रातील आहे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो कण ७३० किलोमीटरवरील इटलीच्या ग्रान सासो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचले, असे ऑपेरा प्रयोगाच्या गटाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले व जगभर खळबळ उडाली. आइन्स्टाइनचा सिद्धान्त धोक्यात आल्याच्या बातम्या झळकल्या. काही महिन्यांनी आढळले ते असे की, उपग्रहाकडून आलेली वेळ मुख्य घड्याळाकडे नेणाऱ्या प्रकाशतंतूची जोडणी नीट बसलेली नव्हती. तेथे पॅकेटचा संबंध नव्हता. पण घड्याळापर्यंतची वाट ही घड्याळाचाच भाग असते, हे त्या सैल जोडणीने दाखवून दिले. सर्नमध्येच २००८ पासून विकसित झालेली ‘व्हाइट रॅबिट’ ही पद्धती तंतूतील विलंब सतत मोजत राहते व नॅनोसेकंदाहूनही कमी चुकीचा मेळ साधते. तिचा गाभा १५८८ मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत समाविष्ट झाला आहे.

कोणाला किती?

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांच्या साहाय्याने करते. तेथून ही वेळ अहमदाबाद, बेंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद व गुवाहाटी येथील पाच प्रादेशिक प्रयोगशाळांमार्फत देशभर पोहोचविण्याचा प्रकल्प केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने हाती घेतला, आणि प्रमाणवेळेच्या वापरासंबंधीच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये अभिप्रायांसाठी प्रसिद्ध झाला. त्याआधी, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशान्वये संगणक सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने सर्व संगणक-व्यवस्थांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जोडण्यास सांगितले होते.

याचा अर्थ प्रत्येक कार्यालयाने दारातील शिक्क्याची कार्डे विकत घ्यावीत, असा मुळीच नव्हे. ग्रामपंचायतीचा संगणक, शाळेची ऑनलाइन हजेरी, तहसील कार्यालयातील दाखल्यांची नोंद यांना सेकंदाची अचूकता पुष्कळ झाली. साधी एनटीपी जोडणी मिलिसेकंदांपर्यंत नेते आणि तिला वेगळा खर्च पडत नाही. अशा ठिकाणी नॅनोसेकंदांचे सामान बसविणे म्हणजे धान्याच्या गोदामात सोनाराचा काटा नेण्यासारखे होईल. ज्यांना ही सूक्ष्मता लागते त्यांची यादी लहान आहे : वीजजाळे, मोबाइल दूरसंचार, शेअर बाजार व काही वैज्ञानिक प्रयोग. पाचव्या पिढीच्या मोबाइल सेवेत एकाच लहरीवर आळीपाळीने बोलणाऱ्या मनोऱ्यांची घड्याळे दीड मायक्रोसेकंदाच्या आत राखावी लागतात, नाहीतर एका मनोऱ्याचे बोलणे शेजारच्याच्या ऐकण्यावर पडते.

अशा कामांसाठी सामग्रीची मागणी नोंदविताना विनिर्देशात ‘पीटीपी समर्थित’ एवढेच लिहून भागत नाही, कारण केवळ सॉफ्टवेअरने शिक्का मारणारे यंत्रही त्या वर्णनात बसते. स्वीकृत पॅकेटवर शिक्का कार्डातच पडतो काय, तो सर्व पॅकेटांवर पडतो की पीटीपीच्याच, आणि वाटेतील प्रत्येक स्विच मुक्कामाचा काळ जोडतो काय, हे तिन्ही प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावे लागतात. लिनक्स प्रणालीवरील संगणकात पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ‘ईथटूल’ या छोट्या साधनाने एका आज्ञेसरशी पडद्यावर येतात. सामग्री ताब्यात घेण्यापूर्वी ती आज्ञा देऊन पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.